गादीखालची जमीन

अण्णा गादीवरून उठायला तयार नव्हते.

दुकानातलं बाकी सगळं सामान आदल्या दिवशीच हललं होतं. काचेची कपाटं गेली, तराजू गेला, तसबिरींच्या जागी भिंतीवर नुसते पांढरे चौकोन उरले. त्या उघड्या खोलीच्या कोपऱ्यात एक गादी होती, गादीवर मांडी घालून बसलेले माझे वडील होते, आणि त्यांच्या उजव्या हाताशी तिजोरी. तिजोरी म्हणजे तिचं लोखंडी झाकण तेवढं दिसायचं. बाकीचं अंग जमिनीत, काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेलं. तीच काढायला सोलापूरहून बसवराज नावाचा माणूस मशीन घेऊन आला होता आणि सकाळपासून भिंतीला टेकून उभा होता.

"ताई, तुम्ही तरी सांगा की वो," तो म्हणाला. "मशीनचं भाडं चालू हाय. मालक उठंनात."

माझा भाऊ, अरविंददादा, दारात घाम पुसत उभा होता. मी शिकवते त्या शाळेत निरोप पाठवून त्यानंच मला बोलावून घेतलं होतं. बार्शीच्या आमच्या सराफ लाईनचा रस्ता रुंद होणार, हे दोन वर्षं नुसतं ऐकत होतो. आता मात्र परवा सकाळी जेसीबी येणार होता. त्याच्या आत तिजोरी निघाली तर निघाली, नाहीतर भिंतीबरोबर तीही ढिगाऱ्यात जाणार.

"तू बोल," दादा मला बाजूला घेऊन म्हणाला. "मी बोललो की चिडतात. काल म्हणाले, तिजोरी राहू दे इथंच, मी दुसरी घेईन. असली तिजोरी आता मिळते का कुठं? आणि इथं म्हणजे कुठं? परवा इथं डांबर पडणार आहे."

"माझं कधी ऐकलंय त्यांनी?"

"माझं तरी कुठं ऐकतात. पण तुझ्यावर ओरडत नाहीत."

हे खरं होतं. अण्णा माझ्यावर कधी ओरडले नाहीत. लाडही केले नाहीत. माझ्या लग्नात दागिने घातले ते वजनात गुंजभरही कमी नव्हते. पण ते घालताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं की काट्याकडे, हे मला अजून सांगता यायचं नाही. लहानपणी दिवाळीत लक्ष्मीपूजन झालं की आम्हा सगळ्यांना दुकानाबाहेर काढून ते शटर ओढून घ्यायचे आणि आत एकटेच बसायचे. आई पेढ्यांचं ताट घेऊन पायरीवर थांबायची. आम्ही दोघं भावंडं म्हणायचो, तिजोरी ही अण्णांची थोरली लेक, आपण नंतरचे. आई हसायची नाही. तिला हा विनोद का आवडत नाही ते तेव्हा कळायचं नाही.

मी गादीच्या कडेला बसायला गेले.

"तिथं नको," अण्णा म्हणाले. "समोर बस."

हेही नेहमीचंच. त्या गादीवर त्यांच्याखेरीज कोणी बसायचं नाही. झाडायला आलेल्या बाईनंही ती उचलायची नाही. मी समोर फरशीवर बसले.

"अण्णा, आत काही आहे का? तसं असेल तर आधी काढून घेऊ. दादाला बाहेर पाठवते."

"आत काय असणार? काल रिकामी केली की. सुपारी अन् हळद आहे पूजेची."

"मग?"

त्यांचा हात गादीच्या काठावरून फिरत होता. मी त्यांच्या हाताकडे पाहत राहिले. बोटांची टोकं तेजाबानं पिवळी पडलेली, नखांत कायमची काजळी. सोनाराचा हात.

"सगळ्यांना बाहेर काढ," ते शेवटी म्हणाले. "अरविंदलापण."

दादा कुरकुरत चहाला गेला. बसवराजलाही घेऊन गेला. मी दार लोटलं. अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्यांनी गादीचं एक टोक धरून ती उलटी टाकली.

खाली काँक्रीट होतं, तिजोरीभोवती ओतलेलं, करडं, जुनं. आणि त्यात एक पाऊल होतं. लहान मुलाचं, उजवं, टाचेशी खोल रुतलेलं आणि पाचही बोटं स्वच्छ उठलेली. खळग्यात काळपट धूळ साठून घट्ट बसली होती. धुळीत काहीतरी चकाकलं, पण सोनाराच्या दुकानात कुठंही काहीतरी चकाकतंच, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"कुमुद," अण्णा म्हणाले.

त्यांच्या तोंडून ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला एक थोरली बहीण होती आणि ती माझ्या आधी गेली, एवढंच मला ठाऊक होतं, तेही मावशीकडून. घरात तिचा फोटो नव्हता. तिचं नाव काढायचं नाही असा अण्णांचा दंडक होता. आई एकदा तिचं झबलं हातात धरून रडत बसली होती, तर ते झबलं त्यांनी बंबात घातलं, असं मावशी सांगायची.

"तिजोरी आणली त्या दिवशी गुरुपुष्य होता," ते पावलाकडे बघत सांगू लागले. "गाडी उशिरा आली. गवंड्यानं पहाटे उठून काँक्रीट ओतलं. आपल्यात रीत आहे, नवी तिजोरी बसली की घरच्या लेकीनं कुंकवाच्या पावलांनी तिच्यापर्यंत चालत यायचं. मुहूर्त सकाळचा. गवंडी म्हणत होता, मालक, ओलं आहे, उद्या करा. उद्या कुठला गुरुपुष्य? मग फळ्या टाकल्या. तिला सांगितलं, फळीवरूनच चाल. चालली बिचारी नीट. तिजोरीपाशी आली अन् शेवटच्या पावलाला मारली उडी."

ते हसले. ते हसणं मी कधी पाहिलं नव्हतं.

"गवंडी थापी घेऊन धावला. म्हटलं, राहू दे. लक्ष्मीचं पाऊल आहे." मग म्हणाले, "पुढल्या पावसाळ्यात घटसर्प झाला तिला. घसा बंद झाला. तीन दिवसांत आटोपलं सगळं."

इतकी वर्षं तिजोरीचा हेवा केला होता मी.

"आपण ते काढून घेऊ," मी म्हटलं. "तेवढा तुकडा कापून घेऊ. बसवराजला सांगते मी. दादाला सांगते, तो—"

"अरविंदला सांगू नकोस."

"का?"

"तुझ्या आईला मी रडू दिलं नाही, मंदा. सहा महिन्यांचा अरविंद मांडीवर होता, म्हटलं, ही अशी रडत बसली तर हेही पोर जाईल. गप्प बस म्हणालो. ती गप्प बसली ती मरेपर्यंत. तिला वाटलं असेल मी विसरलो. आणि मी इथं रोज—" त्यांनी गादीकडे हात केला. "तिला दाखवलं नाही ते आता लेकाला कुठल्या तोंडानं दाखवू?"

मी बसवराजला आत बोलावलं. पाऊल पाहून त्यानं चपला काढून दाराबाहेर ठेवल्या. हातोड्याचं मशीन बाजूला ठेवून त्यानं गोल पात्याचं कटर आणलं. अण्णांनी खांद्यावरचा पंचा घडी करून त्या खळग्यात दाबून बसवला, धक्का लागू नये म्हणून. बसवराजनं चारी बाजूंनी पाणी सोडत, थांबत थांबत कापलं. करडं पाणी फरशीभर पसरलं. ते चालू असेपर्यंत अण्णा तिथंच उकिडवे बसून होते, पंच्यावर तळहात ठेवून.

तुकडा अखंड निघाला. पाटाएवढा असेल, जाड आणि जड. अण्णांनी तो पंच्यासकट गोणपाटात गुंडाळला, सुतळीनं बांधला आणि दाराआड भिंतीला टेकवून ठेवला.

मग दादा आला आणि हातोड्याचं मशीन सुरू झालं. काँक्रीट तुटत गेलं, राडारोडा पोत्यांत भरला जात होता, पोती दाराआड रचली जात होती. दुपारी तीन पायांची उंच घोडी उभी करून साखळी-कप्पीनं तिजोरी वर ओढली. दाढ उपटावी तशी ती हलत, कुरकुरत निघाली आणि मागे खड्डा राहिला. दादा इतका खूश झाला की त्यानं बसवराजला मिठी मारली.

"बघा अण्णा," तो म्हणाला, "एक ओरखडा नाही. नव्या दुकानात अशीच बसवू."

"बसव," अण्णा म्हणाले. आणि मला म्हणाले, "चल घरी. आधी देवघरात जागा करू."

आम्ही रिक्षानं घरी गेलो. त्यांनी देवघरातली खालची फळी मोकळी केली. शंख, घंटा, पोथ्या सगळं बाहेर काढून फळी ओल्या फडक्यानं पुसली, वितीनं लांबी मापली. मला म्हणाले, "तुझ्या आईच्या टाकाशेजारीच ठेवू. बसतंय." मी चहा केला. त्यांनी तो न फुंकता घाईघाईनं प्यायला. मला वाटतं, त्या तासाभरात ते जितके सुखी दिसले तितके मी त्यांना आधी कधी पाहिले नव्हते.

परत आलो तर दुकान झाडून लख्ख केलेलं होतं. दाराआड काही नव्हतं.

"पोती?" मी विचारलं.

"दस्तगीर येऊन घेऊन गेला की," दादा म्हणाला. "टेम्पोच घेऊन आला होता. सगळी नेली."

सोनाराच्या दुकानातली धूळ कचऱ्यात जात नाही. घासताना, कापताना सोन्याचा कीस उडतो, फटींत जाऊन बसतो. ती माती झारेकरी विकत घेतात, धुतात, गाळतात आणि त्यातून कणकण सोनं काढतात. दुकान मोडलं तर त्याची जमीनही झारेकऱ्याचीच. दस्तगीरमामा आणि त्याच्या आधी त्याचे वडील, आमच्या दुकानाची माती त्यांच्याचकडे जायची.

"तुम्हीच त्याला शब्द दिला होता ना अण्णा?" दादा म्हणाला. "फरशी निघाली की येऊन घेऊन जा म्हणून. काय झालं?"

अण्णांनी मान हलवली. शब्द त्यांनीच दिला होता. ते पायरीवर बसले, जिथं आई ताट घेऊन थांबायची तिथंच, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून समोरच्या रस्त्याकडे पाहू लागले.

दस्तगीरमामाचं घर ओढ्याच्या पलीकडे. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अंगणात पोती रचून ठेवलेली, बहुतेक सगळी अजून बांधलेलीच. मला हायसं वाटलं. तारेवर एक पंचा वाळत होता. तो अण्णांचा आहे हे ओळखायला मला जरा वेळ लागला.

दस्तगीरमामा ओल्या हातांनी बाहेर आला. पांढरी दाढी, डोळे धुरानं लालसर.

"अण्णा, तुम्ही कशाला तरास घेतला? मीच येणार होतो संध्याकाळी." तो आत जाऊन एक वाटी घेऊन आला. "हे घ्या. तुमचं इसरून ऱ्हायलं होतं."

वाटीत सोन्याचा एक मणी होता. हरभऱ्याएवढा, ताजा ओतलेला.

"त्या गोणपाटातल्या दगडाला खळगा होता, त्यात कीस," मामा सांगू लागला. "वर पंचा दाबून बसवलेला. मी म्हणलं, इतका कीस उडून पडत न्हाई कुठं. अण्णांनी हातानं ठिवलेला असणार अन् गडबडीत आमच्या मालात आला. माझ्या पोत्यांत मिसळला तर कसा निवडायचा? म्हणून आल्या आल्या तोच आधी घेतला. येगळा कुटला, येगळा धुतला. पंचापण धुऊन घेतला, त्यालाबी लागलं होतं. बघा, कणबी सोडला न्हाई."

"दगड कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"कुठला?"

"खळगा होता तो."

मामानं न कळून अंगणातल्या हौदाकडे बोट दाखवलं. "त्योच कुटला की. सोनं आत मुरलेलं असतंय, अण्णा, बारीक केल्याबिगर कसं सोडणार?"

अण्णा हौदापाशी गेले. तळाशी करडा चिखल बसला होता. त्यांनी बाही वर न करताच हात घातला, कोपरापर्यंत, आणि मूठभर चिखल वर काढला. बोटांमधून तो गळून गेला. त्यांनी पुन्हा हात घातला.

"काय झालं, ताई?" मामा मला हळू आवाजात म्हणाला.

मी त्याला सांगितलं. तो ऐकत होता आणि ऐकता ऐकता खाली बसला. "पाऊल व्हतं ते?" एवढंच म्हणाला. "मी तर त्ये आडवं धरलं होतं, ताई. मला खळगाच दिसला."

अण्णा हात झटकत परत आले. मामा त्यांच्या पायांना हात लावायला वाकला, तर अण्णांनी त्याचे खांदे धरून त्याला उठवलं.

"तुझी काय चूक? माती तुला दिलेली होती," ते म्हणाले. "सोनंही तुझंच. मातीतलं निघेल ते झारेकऱ्याचं. रीत आहे."

"आज नगा रीत सांगू," मामा म्हणाला. त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. "लेकीचं हाय ते. हे मी ठिवलं तर माझ्या चुलीला आग लागंल." आणि हाताला सवय म्हणून असेल, त्यानं खिशातून लहान काटा काढून समोर धरला. "तोलून घ्या."

अण्णांनी काट्याकडे पाहिलं. ज्या माणसानं स्वतःच्या लेकीचं मंगळसूत्रही काट्यावर दोनदा टाकून पाहिलं, त्या माणसानं तो मणी उचलून तसाच मुठीत घेतला.

"नको," ते म्हणाले.

रिक्षानं ओढा ओलांडल्यावर अण्णा बोलले.

"दर लक्ष्मीपूजनाला चिमूटभर टाकायचो," ते म्हणाले. "मुलीचं बापानं थोडं थोडं जमवायचं असतं. पायात सोनं घालू नये म्हणतात. पण तिचं मजजवळ दुसरं काय होतं? तेवढंच पाऊल. तिथंच घालत गेलो." मग म्हणाले, "घातलं नसतं तर राहिलं असतं गं. बाकीच्या पोत्यांसारखं तेही बांधलेलंच राहिलं असतं."

मी रडले. त्यांच्यासमोर रडायची मला सवय नव्हती, पण रडले, आणि त्यांनी गप्प बस म्हटलं नाही.

दादाला मी नंतर सगळं सांगितलं. अण्णांनी नको म्हटलं होतं तरी सांगितलं. आता लपवायला उरलं काय होतं? तो बराच वेळ तोंड फिरवून उभा राहिला. मग त्यानं एवढंच केलं की नव्या दुकानात तिजोरी बसवायच्या दिवशी गवंड्याला सांगितलं, अण्णा आल्याशिवाय हात लावायचा नाही.

अण्णा आले. काँक्रीट ओतून झाल्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून तो मणी काढला आणि तिजोरीच्या डाव्या अंगाला, ओल्यात, बोटानं खोल दाबला. बोटाचं भोक तसंच राहिलं. गवंडी थापी हातात घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत थांबला.

"घोटून घे," अण्णा म्हणाले. "सपाट कर."

दिवाळी आली. लक्ष्मीपूजन झालं, पेढे वाटले, आणि दरवर्षीसारखं अण्णा म्हणाले, "चला, व्हा बाहेर." दादानं मुलांना बाहेर काढलं. मीही निघाले होते. दारात पोचले तेव्हा मागून आवाज आला.

"मंदा, तू थांब."

त्यांनी शटर ओढून घेतलं. गादीचं टोक उचलून बाजूला केलं. त्यांच्या उजव्या हाताच्या चिमटीत कीस होता, आधीच घेऊन ठेवलेला. सवयीनं ते खाली वाकले. खाली नवी जमीन होती, गुळगुळीत, कुठं काही नाही. ते तसेच वाकून राहिले. चिमूट धरलेला हात जमिनीवरून थोडा इकडे गेला, थोडा तिकडे गेला. मला ते बघवेना. पण मी कुठं जाणार, शटर बंद होतं.

मग ते सरळ झाले आणि माझ्याकडे वळले.

"हात पुढं कर," म्हणाले.

मी हात पुढं केला. त्यांनी माझ्या तळव्यावर चिमूट सोडली. वजन असं काहीच जाणवलं नाही. घामाला चिकटून ते बारीक कण दिव्यात चमकत राहिले. त्यांनी माझी बोटं एकेक करून मिटवली आणि मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. ती त्यांची शेवटची दिवाळी. बाहेर मुलं फटाक्यांसाठी शटर वाजवत होती.

"लगेच हात धुऊ नकोस," ते म्हणाले.